गंगाबाईंचा डॅन्यूबवरचा फोटो

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत कुणी परदेशी जाऊन आलं की दोन शिक्षा ठरलेल्या असतात. पहिली जाणाऱ्याला: परत आल्यावर सगळ्यांना घरी बोलावून सेव-उसळ खाऊ घालायची. दुसरी आम्हाला: ती खाता खाता टीव्हीवर त्याचे फोटो बघायचे, शेवटपर्यंत. उसळ जाळ तिखट करतात ती याचसाठी, कुणाला डुलकी लागू नये म्हणून.

हंबीरराव धुमाळांच्या फोटोंपुढे मात्र उसळीचंही काही चालत नसे.

या हंबीररावांचे पणजोबा गायकवाडी पागेत होते. "पागेत म्हणजे नक्की काय होते?" असं विचारलं की हंबीरराव मिशीला हात लावतात आणि विषय बदलतात. त्यामुळे पणजोबा घोड्यावर होते की घोड्यामागे, हे सोसायटीत अजून ठरलेलं नाही. स्वतः हंबीरराव नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. फोटोचा नाद तिथलाच. पाइपला भेग पडली, टाकीला गंज चढला, की फोटो काढून वर पाठवायचा. आता नुसत्या भेगेचा फोटो काढला तर वरच्या साहेबाला कळणार कसं, की ती नखाएवढी आहे की नाल्याएवढी? म्हणून शेजारी मापाला काहीतरी ठेवायचं. लहान भेग असली तर काडेपेटी, मोठी असली तर कामगार.

ही सवय घरी आली आणि काडेपेटीच्या जागी गंगाबाई आल्या.

लग्नानंतर पहिल्यांदा चांपानेरला गेले तेव्हाचा फोटो मी पाहिलाय. भला थोरला दरवाजा, आणि त्याच्या पायथ्याशी एक पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे नवी नवरी. डभोईच्या भागोळीत, म्हणजे वेशीच्या दरवाजात, तशाच, मोढेऱ्याच्या कुंडात तशाच. नर्मदेच्या धरणाच्या फोटोत तर गंगाबाई सापडायला भिंग लागतं. "अगं, मागं सरक! अजून! अजून! भिंत किती उंच आहे ते कळायला नको?" असं ओरडत ओरडत या माणसानं बायकोला अख्ख्या हिंदुस्थानभर मागं सरकवलं. शिवाय तिपाई तीच उचलायची. हंबीररावांच्या फोटोच्या बॅगेला घरात 'तोफखाना' म्हणत. दोन कॅमेरे, हाताएवढाल्या लेन्सा, छत्र्या, तिपाया. तोफखाना हंबीररावांच्या पाठीवर आणि त्याचा गाडा गंगाबाईंच्या खांद्यावर.

मग हंबीररावांचा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. नेमकी तेव्हाच मुलानं, समरजितनं, आईवडिलांसाठी युरोपातल्या नदीवरची बोटीची सहल ठरवली. जर्मनीतून बोटीत बसायचं, डॅन्यूब नदीनं व्हिएन्ना करत बुडापेस्टला उतरायचं. टूर इथलीच, बडोद्याची. बोटीवर स्वयंपाकाला महाराज आणि नाश्त्याला खाखरे.

सून शलाकानं एक कॅमेरा आणून सासऱ्यांपुढे ठेवला. अंगाच्या साबणाच्या वडीपेक्षा जेमतेम मोठा.

"हे काय? यानं फोटो काढायचे की दाढी करायची?"

"बाबा, हल्ली सगळे असाच नेतात. खिशात मावतो. एकच लेन्स, एक जादा बॅटरी, कठड्याला अडकवायचा एक चिमटा. बास. हात मोकळे राहतात."

"धुमाळांचे हात कधी मोकळे नव्हते," हंबीरराव म्हणाले. पणजोबांच्या हातात तलवार होती की खरारा, हे त्यांनी याही वेळी सांगितलं नाही.

सवय व्हावी म्हणून शलाकानं त्यांना तो घेऊन कमाटीबागेत फिरायला पाठवलं. हिरमुसले होऊन आले. पूर्वी तोफखाना घेऊन गेलं की लोक वाट सोडायचे, एखादा "प्रेसमांथी छो, काका?" असं अदबीनं विचारायचा. आज शेंगदाणेवाला त्यांच्या फोटोच्या ऐन मधून चालत गेला आणि वर यांच्याकडेच बघून म्हणाला, "शुं, काका, नेटवर्क नथी आवतुं?"

त्यांनी तोफखाना पुन्हा भरायला घेतला. तेव्हा गंगाबाई बोलल्या. त्या फार बोलत नाहीत; बोलल्या की मात्र घरातला पंखासुद्धा हळू फिरतो.

"ती बॅग आली तर मी येणार नाही. आणि मी आले तर माझा एक फोटो काढायचा. मोठा. तोंडाचा."

"म्हणजे काय? तुझे इतके फोटो—"

"माझे नव्हेत ते. दरवाज्यांचे आहेत. उद्या मी गेले तर हार कशाला घालाल? धरणाला?"

हंबीरराव चपापले. बायको आली नाही तर युरोपातले किल्ले मोजायचे कशानं, हाही प्रश्न होताच. "काढतो," ते म्हणाले. "डॅन्यूबवर काढतो. धुमाळांचा शब्द आहे."

गंगाबाईंनी त्या फोटोसाठी चिंतामणी रंगाची साडी काढली, इस्त्री करून सगळ्यांत वर ठेवली. माझ्या बायकोला म्हणाल्या, "या वेळी तोंड येणार आहे हो माझं." साठी उलटलेल्या बाईनं हे इतकं लाजत सांगितलं की आमच्या हिनं मला त्या रात्री उगाचच दोनदा विचारलं, "आपला शेवटचा फोटो कधी काढला होता हो?" मी झोपेचं सोंग घेतलं.

आता बोटीवरची हकिकत. यातली निम्मी शलाकाकडून, निम्मी आमच्या हिच्याकडून कळलेली; दोघींना सांगितली गंगाबाईंनी. तिखटमीठ माझं, पण ते उसळीपेक्षा कमी आहे.

बोटीवर पहिल्याच सकाळी हंबीरराव वरच्या डेकवर छोटा कॅमेरा घेऊन उभे राहिले. चिमटा कठड्याला लावला, तर इंजिनाच्या थरथरीनं नदी हलायला लागली. चिमटा काढला, कोपर पोटाशी धरलं, श्वास रोखला, मग जमलं. कॅमेरा गळ्यात नाही, पाठीवर ओझं नाही, गुडघा दुखत नाही. स्वतःशी कबूल न करता त्यांना बरं वाटलं. गंगाबाई चिंतामणी साडी नेसून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात अस्मिताबेन आल्या. या आमच्याच सोसायटीच्या मागच्या गल्लीतल्या. गळ्यात पर्स, पर्सला गॉगल, गॉगलला साखळी. त्यांनी पाहिलं की या काकांचे हात मोकळे आहेत.

"काका, जरा एक फोटो पाडी आपो ने!"

आणि मोबाइल हातात दिला. तोफखाना असता तर कुणाची हिंमत होती? तोफेपुढे उभं राहून कुणी म्हणतं का, की जरा हे फटाके पण उडवा? पण साबणाच्या वडीवाल्या माणसाला कुणीही काहीही सांगावं. हंबीररावांना आधी राग आला. मग त्यांनी फोटो काढला. अस्मिताबेन तो बघून किंचाळल्या, "अरे वाह! काका तो आर्टिस्ट छे!" आणि हा शब्द बोटभर पसरला. हंबीररावांना उभ्या आयुष्यात कुणी आर्टिस्ट म्हटलं नव्हतं. कारखान्यात त्यांना 'लिकेजवाले काका' म्हणत.

झालं. नाश्ता आटोपला की डेकवर रांग. मारो पण, काका! अमारा बन्नेनो, काका! सासूबाईंचा एक, सासूबाईंशिवाय एक. आणि मोबाइल, पर्स, चष्मे, खाखऱ्याचा डबा धरायला कोण? "काकी, जरा पकडजो ने." गंगाबाई दोन्ही हातांत दुसऱ्यांच्या पर्सा घेऊन चिंतामणी साडीत उभ्या. तिपाई सुटली आणि खुंटी झाल्या.

"अहो, माझा?"

"आता ऊन डोक्यावर आहे. डोळ्यांखाली काळं येतं. संध्याकाळी."

संध्याकाळी नदीकाठच्या डोंगरावर पडका किल्ला दिसला. "गंगा! पळ! त्या टोकाला जा! अजून!" गंगाबाई सवयीनं निम्म्या डेकपर्यंत गेल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. तोवर फोटो निघाला होता. किल्ला केवढा होता ते कळलं.

खरी गंमत झाली ती बांधाच्या हौदात. डॅन्यूबला जागोजाग बांध घातलेत. वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात जायला बोटीला सिमेंटच्या अरुंद हौदात शिरावं लागतं. मागचं दार बंद होतं, पाणी उतरतं, बोट पाण्याबरोबर खाली जाते, मग पुढचं दार उघडतं. दारं, झडपा, पाणी! हंबीररावांना माहेर भेटलं. त्यांनी आधी काय केलं असेल? भिंतीतून एका जागी पाणी झिरपत होतं, त्याचा फोटो. "गंगा, जरा तिथं हात धर, किती झिरपतंय ते कळेल."

गंगाबाईंनी हात धरला. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो हात बघून हंबीरराव थबकले. हौदात बोट खोल गेली होती, ऊन वरच राहिलं होतं, आणि ओल्या भिंतींमधून दुधासारखा मऊ उजेड खाली उतरत होता. बांगड्या, शिरा, मेंदीचा फिका डाग, सगळं कसं जिवंत. कुठल्याही स्टुडिओत मिळणार नाही असा उजेड!

"गंगा, हाच! हाच उजेड! उभी राहा, पदर नीट कर—"

गंगाबाईंनी पदर सारखा केला, टिकली चाचपली.

"काका! अहियां केटलुं सरस अजवाळुं छे! मारो पहेला!" अस्मिताबेन मध्ये शिरल्या होत्या. त्यांच्या मागे बहीण, बहिणीमागे नणंद.

आता इथं माणसानं "नाही" म्हणायचं असतं. पण आर्टिस्ट कधी नाही म्हणतो? "एकच मिनिट, गंगा, यांचे उरकतो," म्हणत हंबीररावांनी एकेकीला उभं केलं. हनुवटी जरा खाली, बेन. डोळे इकडे. हसायचं नाही, नुसतं मनात आणायचं. अहो, जो माणूस बायकोला कोसभर लांब पाठवायचा, तो परक्या बायकांच्या हातभर जवळ जाऊन त्यांच्या नाकावरचा उजेड बघत होता. गंगाबाई चार पर्सा धरून.

शेवटी त्यांची पाळी आली. त्या पुढे आल्या, पर्सा खाली ठेवल्या, चेहरा वर केला. आणि पुढचं दार उघडलं. बोट बाहेर आली, उन्हाचा लोट डेकवर आदळला.

"गेला उजेड!" हंबीरराव हळहळले. "पुढच्या हौदात काढू."

पुढचा हौद आला तेव्हा सगळे जेवायला बसले होते, आणि त्याच्या पुढचा आला तो पावसात. मग बुडापेस्ट आलं. तिथल्या पार्लमेंटच्या प्रचंड इमारतीसमोर गंगाबाई स्वतःच जाऊन लांब उभ्या राहिल्या. सांगावं लागलं नाही. हंबीररावांना वाटलं, किती समजूतदार आहे.

परत आल्यावर रिवाजाप्रमाणे आम्हाला शिक्षेचं बोलावणं आलं. हंबीररावांच्या हॉलमध्ये सगळे जमलो. पुढच्या खुर्चीत रमाकांत. हे चित्रकलेचे निवृत्त प्राध्यापक. यांनी आजवर स्वतःच्या चित्रांखेरीज कशाचीही स्तुती केलेली नाही, आणि स्वतःची चित्रं कुणाला दाखवलेली नाहीत. टीव्हीवर किल्ले सुरू झाले.

"वहिनी कुठं आहेत यात?"

"ती काय, पुलाच्या दुसऱ्या खांबाशी."

"मला वाटलं तिसरा खांब." रमाकांतनी शेव चावली. "हंबीरराव, हे फोटो नाहीत. हा नदीचा पंचनामा आहे. कॅमेरा हलका झाला, हात तोच राहिला."

हंबीरराव लाल झाले. तेवढ्यात अस्मिताबेन उठल्या. "अरे, पण मारो जुओ ने!" आणि त्यांनी आपला मोबाइल टीव्हीला जोडला.

खोटं कशाला बोलू, सगळ्या माना टीव्हीकडे वळल्या. ज्या बाईला आम्ही भाजीवाल्याशी कडाकडा भांडतानाच पाहिलं होतं, ती पडद्यावर एखाद्या संस्थानाची राणी दिसत होती. ओलसर काळी भिंत मागं, चेहऱ्यावर चांदण्यासारखा उजेड. मग बहीण आली, मग नणंद. रमाकांतनी चमचा खाली ठेवला. "हे कुणी काढले?"

"काकाए पाड्या! आपणा काकाए!"

टाळ्या पडल्या. हंबीरराव स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाले, "गंगा, पाहिलंस? असा फोटो काढतो मी!"

गंगाबाई दारात वाटाण्याच्या उसळीचा डाव घेऊन उभ्या होत्या. पडद्याकडे बघत होत्या. "पाहिलं," म्हणाल्या. मग आम्हाला विचारलं, "कुणाला वाढू?" माझ्या हिनं तेव्हाच माझ्या पायावर पाय दिला. बायकांना कळतात या गोष्टी. मी उसळ मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव फिरायला गेल्यावर गंगाबाईंनी चिंतामणी साडी नेसली आणि सुनेला म्हणाल्या, "स्कूटर काढ."

पाणीगेटला एक जुना फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी पडदे असायचे, आता हिरवी भिंत आहे आणि मागचं सगळं कॉम्प्युटर भरतो. तिथल्या माणसानं विचारलं, "माजी, पाछळ शुं मूकवुं छे? स्वित्झर्लंड? ताजमहाल? समुद्र?"

"नदी आहे का?"

होती. कुठली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंना झाडी, टेकडीवर काहीतरी पडकं, एक होडी.

"चालेल," गंगाबाई म्हणाल्या. "पण ती लहान ठेव. मला मोठं ठेव."

केस जरा हलावेत म्हणून त्या माणसानं उभा पंखा लावला. पंखा जोरात सुटला, पदर उडाला, तो आवरता आवरता गंगाबाई शलाकाकडे बघून खळखळून हसल्या, आणि खटका दाबला गेला. शलाका मला सांगते, "काका, सासूबाईंना इतकं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. पण हे कुणाला सांगू नका हं." म्हणून तर लिहून काढतोय.

दोन हात लांबीचा फोटो फ्रेम होऊन आला आणि हॉलमध्ये, टीव्हीच्या वर लागला. हंबीरराव सकाळी फिरून आले, चप्पल काढता काढता एका पायावरच उभे राहिले.

"हे कुणी काढलं?"

"पाणीगेटवाल्यानं."

"आणि मागं काय आहे?"

"नदी."

"कुठली? एवढीशी?"

"मापाला ठेवलीय," गंगाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

हंबीरराव दिवसभर त्या फ्रेमखाली येरझाऱ्या घालत होते. फ्रेम काढावी तर बायकोचा फोटो काढून टाकला असं होतं. ठेवावी तर येणारा जाणारा विचारणार. आणि संध्याकाळी विचारायला आलेच. रमाकांत आणि मी. मी सहज गेलो होतो. म्हणजे शलाकानं सगळं सांगितल्यावर सहज.

रमाकांत फोटोपुढे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हंबीरराव," ते म्हणाले, "हा तुम्ही त्या दिवशी दाखवला नाहीत."

हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"हा खरा फोटो. माणूस आहे यात. पंचनामा संपला तुमचा. नदीसुद्धा कशी मागं, आपल्या जागी ठेवलीय! हीच समज इतकी वर्षं कुठं होती?" उभ्या जन्मात रमाकांतनी दुसऱ्याची केलेली ही पहिली स्तुती. "त्याच छोट्या कॅमेऱ्यानं?"

नंदेसरीला गॅसची नळी फुटली तरी न डगमगणारा माणूस. त्याच्या कपाळावर घाम आला. कारखान्यात त्यांनी एक खोटा शेरा कधी लिहिला नव्हता. "तसं... हलका असला की... हात मोकळे..." एवढंच निघालं.

आतून गंगाबाई चहा घेऊन आल्या. रमाकांतपुढे कप ठेवला आणि फोटोकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, वारा काय सुटला होता हो तिथं! पदर आवरेना."

"दिसतोय ना वारा!" रमाकांत म्हणाले. "तोच तर पकडलाय."

रमाकांत गेल्यावर हंबीरराव खालच्या आवाजात म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू लोकांना? नवरा अस्मिताबेनची राणी करतो आणि त्याची बायको तोंड घेऊन पाणीगेटला जाते?" गंगाबाईंनी रमाकांतचा कप उचलला. "तुमची नाही, माझी लाज राखली."

मी तिथंच होतो. माझा चहा संपायचा होता.

याला आता वर्ष होत आलं. हंबीररावांचं वय झालंय, आणि वय झालं की आठवण माणसाच्या बाजूनं बोलायला लागते. आधी ते विचारलं की पुटपुटायचे. मग 'डॅन्यूबवर' म्हणायला लागले. मग भिंग घेऊन ती मागची टेकडी पाहिली आणि व्हिएन्नाच्या अलीकडचा तो पडका किल्लाच तो, असं नकाशावरून पक्कं केलं. परवा समरजितच्या ऑफिसातली मंडळी आली होती, त्यांना सांगत होते, "उजेडाची वाट बघत अर्धा तास उभं केलं हिला. ढग सरकला, वारा आला, म्हटलं, गंगा, हास! आणि अशी जवळ जाऊन घेतली. एवढ्या जवळ! तोफखान्यानं जमलं नसतं हे."

मंडळींनी गंगाबाईंकडे पाहिलं.

"हो ना," गंगाबाई म्हणाल्या, "आणि थंडी तर काय! मी म्हणत होते, राहू द्या आता. पण हे ऐकतात होय?"